ताराबाईंची जर्मन गाडी

संपादकांनी पत्रात विषय दिला होता, 'पुरुषांच्या क्षेत्रातली स्त्री'. मी त्यांना फोन करून सांगितलं की यावर मी लिहिणार नाही. बावीस वर्षं गॅरेज चालवलं, पण एकाही गाडीने मला विचारलं नाही की तू बाई आहेस की बुवा. विचारायची ती माणसं, आणि त्यांना तेव्हाच उत्तरं देऊन झाली आहेत. लिहायचं तर गाडीवर लिहीन, असं म्हटलं. ते म्हणाले, लिहा.

आमचं गॅरेज नाशिकजवळ देवळाली कॅम्पात होतं. वडिलांनी काढलेलं. मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि सातपूरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात लागले. स्वच्छ टेबल, पंखा, पाच वाजता सुट्टी. मग वडिलांना अर्धांगवायू झाला. नातेवाईक जमले आणि सगळ्यांचं एकमत झालं की गॅरेज विकून टाकावं. माझं मत कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी ते दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजचं शटर उघडून सांगितलं. तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेतली होती. त्या रजेवरून मी अजून परत गेलेले नाही.

गॅरेजात वडिलांच्या बरोबरीने तीस वर्षं काम केलेले यूसुफचाचा होते. त्यांच्या हातात जे होतं ते माझ्या हातात कधीच आलं नाही. ते इंजिनाला कान लावून सांगायचे, कुठला व्हॉल्व्ह बोलतोय. मला मात्र मोजता यायचं आणि कागदावर काढता यायचं. त्यावरच आमचा धंदा उभा राहिला.

देवळालीत मुंबईच्या जुन्या श्रीमंतांचे हवापालटाचे बंगले होते आणि लष्करातले निवृत्त अधिकारी होते. त्यांच्याकडे वीस-पंचवीस वर्षांच्या विलायती गाड्या असायच्या, जर्मन, इटालियन, फ्रेंच. शहरातली गॅरेजं या गाड्यांना हात लावत नसत. "पार्ट मिळत नाही, गाडी संपली," असं सांगून मोकळी व्हायची. मला हे कधी पटलं नाही. पार्ट मिळत नाही याचा अर्थ पार्ट मिळत नाही, एवढाच. तो आधी कुणीतरी बनवला होता ना? मग मी तुटका पार्ट व्हर्नियरने मोजायचे, त्याचं ड्रॉइंग काढायचे आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लेथवाल्याकडून करून घ्यायचे. कधी पहिल्या खेपेला जमायचं, कधी चौथ्या. एक निवृत्त कर्नल होते. त्यांच्या इटालियन गाडीच्या दाराची एक बिजागरी मी सात वेळा करून घेतली. ते दर सोमवारी यायचे, दार नसलेल्या गाडीत बसून पेपर वाचायचे आणि जाताना म्हणायचे, "नो हरी." सातव्या बिजागरीने दार बसलं तेव्हा ते जरा नाराजच झाले, असं मला वाटलं.

लोक हसायचे. भंगाराचा दवाखाना म्हणायचे. म्हणोत. रस्त्यावर नव्या गाड्या बंद पडून उभ्या असायच्या आणि आमची भंगारं त्यांच्या शेजारून जायची.

ताराबाई आल्या त्या अशाच हसण्याला वैतागून. मखमलाबादला त्यांची फुलशेती होती. गुलाब, शेवंती, निशिगंध. नवरा वारल्यावर दोन मुलांना घेऊन त्यांनी ती वाढवलेली. फुलं बाजारात न्यायला भाड्याची जीप वेळेवर यायची नाही, आणि फूल वेळेवर पोचलं नाही की त्याचा कचरा होतो. देवळालीतला एक बंगला मोडीत निघाला तेव्हा तिथली जुनी जर्मन डिझेल गाडी त्यांनी घेतली. गडद हिरवी, मागे लांबच लांब सपाट जागा. पंधरा करंड्या सहज मावायच्या. वर्षभर गाडी उत्तम चालली. मग एक विचित्र दुखणं सुरू झालं.

"बाई, ही गाडी बंदच व्हत नाय," ताराबाई म्हणाल्या.

मला वाटलं, सुरू होत नाही म्हणतायत. त्यांचा थोरला मुलगा भाऊसाहेब स्टिअरिंगवर होता. त्याने किल्ली फिरवून काढून घेतली आणि माझ्या हातात दिली. इंजिन आपलं चालूच. शेवटी गाडी गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून, क्लच एकदम सोडून त्याने ते बंद पाडलं. गाडीला असा हिसका बसला की मागची करंडी उलटली.

"बाजारात लोक जमत्यात बघायला," तो म्हणाला. त्याची मान खालीच होती.

नाशिकमध्ये काचेच्या भिंतींचं एक मोठं नवं वर्कशॉप निघालं होतं. तिथे ते आधी जाऊन आले होते. तिथल्या साहेबांनी बॉनेट उघडून सांगितलं होतं की डिझेल पंप गेलाय, इंजिनच बदलायला लागेल, त्यापेक्षा मोडीत घाला. वर ताराबाईंना असंही विचारलं होतं की फुलं विकणाऱ्या बाईला ही गाडी हवी कशाला.

"त्याला मी काय बोलले ते सांगत नाय," ताराबाई म्हणाल्या. "तू बघ."

त्या जातीच्या जर्मन गाड्यांचं तंत्र थोडं समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आपण नळीने उसाचा रस ओढतो ना, तसा इंजिनाला जोडलेला एक लहान पंप सतत हवा ओढत असतो. त्या ओढीला आम्ही व्हॅक्यूम म्हणतो. या ओढीवर गाडीत तीन कामं चालतात. दारांची कुलपं तिच्यावर लागतात. किल्ली फिरवली की तीच ओढ डिझेल तोडून इंजिन बंद करते. आणि ब्रेक दाबताना पायाला मदतही तिचीच असते. बारीक नळ्या साऱ्या गाडीभर गेलेल्या. एका ठिकाणी भोक पडलं की ओढ कमी होते आणि दुखणं भलतीकडेच दिसतं.

मी बॉनेटला हातच लावला नाही. चारही दारांची कुलपं लावून पाहिली. मागच्या डाव्या दाराचं लागेना. दाराचं आतलं कव्हर काढलं, तर कुलपामागची रबरी पिशवी चिरलेली. तेवढ्या चिरेतून सगळी ओढ वाया जात होती. मी त्या दाराची नळी काढून तिच्या तोंडात स्क्रू घट्ट बसवला, इंजिन सुरू करायला लावलं आणि भाऊसाहेबला म्हटलं, "आता किल्ली फिरव."

इंजिन तिथल्या तिथे गप्प झालं.

तोवर गॅरेजपुढे दहा-बारा माणसं जमली होती. समोरचा टायरवाला, चहावाला, दोन जवान. कुणीतरी टाळी वाजवली. भाऊसाहेबने चार वेळा गाडी सुरू केली आणि चार वेळा बंद केली. ताराबाईंनी करंडीतून मूठभर गुलाब काढून माझ्या टेबलावर ठेवले. मी त्या काचवाल्या वर्कशॉपवर काहीतरी खोचक बोलले आणि सगळे हसले. खोटं कशाला सांगू, मला फार गोड वाटत होतं.

गाडी निघताना यूसुफचाचा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बेटा, पंपाला घडी लावून बघ ना एकदा."

घडी म्हणजे व्हॅक्यूम मोजायचं गेज. ते मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेलं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. पण तेवढ्यासाठी आता बॉनेट उघडायचं, आणि पंप कमजोर निघाला तर त्या सगळ्यांसमोर म्हणायचं की थांबा, अजून झालेलं नाही. मी म्हटलं, "चाचा, बंद झाली की गाडी. आणखी काय हवं?"

गाडी गेली.

महिन्याभराने चैत्रात सप्तशृंगी गडावर यात्रा होती. ताराबाई गडावरच्या दुकानदारांना फुलं द्यायच्या. सकाळी भरलेली गाडी वर नेली, करंड्या रिकाम्या केल्या आणि मायलेक उतरायला लागले. भाऊसाहेब चालवत होता, ताराबाई शेजारी. घाटात तिसऱ्या की चौथ्या वळणावर ब्रेकचं पेडल दगडासारखं झालं. त्याने दाबलं, गाडी थांबेना. एका बाजूला दरी होती. त्याने गाडी दुसऱ्या बाजूला, डोंगराच्या अंगावर घातली. शंभर मीटर आधी एक भरलेली एसटी वर गेली होती. भाऊसाहेबला काहीच झालं नाही. ताराबाईंचा उजवा हात पुढे टेकलेला होता, त्याचं मनगट मोडलं.

दुपारी फोन आला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता आणि औषधाने त्यांना झोप लागलेली होती. बाहेर बाकावर भाऊसाहेब दोन्ही तळहात मांडीवर ठेवून बसला होता. "मी दाबला व्हता ताई," एवढंच तो म्हणत होता. "मी दाबला व्हता."

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून गॅरेजात आणली. पुढचा डावा भाग चेपला होता, इंजिन शाबूत होतं. मी ते सुरू केलं आणि पंपाला गेज लावलं. काटा जेमतेम हलला आणि पडून राहिला. पंप उघडला. आतला रबरी पडदा सगळीकडून तडकलेला होता. तो काही महिन्याभरात तडकला नव्हता. ती गाडी पहिल्यांदा माझ्या दारात उभी होती तेव्हाही तो असाच असणार, थोडा कमी. दाराचं भोक बुजवल्यावर उरलेली ओढ इंजिन बंद करायला पुरली. घाटात सारखा ब्रेक दाबायला ती पुरली नाही.

माझी दुसरी चूकही तेव्हाच लक्षात आली. ओढ गेली म्हणून ब्रेक जात नाही, फक्त पायाला मिळणारी मदत जाते. अशा वेळी दोन्ही पायांनी सगळं वजन टाकून दाबायचं असतं, गिअर खाली आणायचा असतो. भाऊसाहेबला हे ठाऊक नव्हतं. ते त्याला सांगणं माझं काम होतं, आणि मी सांगितलं नव्हतं.

चाचा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी पडदा हातात घेऊन पाहिला आणि खाली ठेवला. "कुणाला काय कळणार आहे, बेटा," ते हळू म्हणाले. "पंचवीस वर्षांची गाडी. सगळे म्हणतील, पुरानी थी."

चाचा वाईट माणूस नव्हते. मला वाचवायला बघत होते. आणि ते म्हणत होते ते शब्दशः खरं होतं. जुन्या गाडीच्या मेकॅनिकला लपायला ही एक जागा कायम मोकळी असते. काही बिघडलं की गाडी जुनी होती म्हणावं, सगळे माना हलवतात. पण गॅरेज हातात घेतल्यापासून आठ वर्षं मी याच वाक्याशी भांडत आले होते. नातेवाइकांशी, काचवाल्या साहेबांशी, हसणाऱ्या प्रत्येकाशी. आता स्वतःवर वेळ आल्यावर तेच वाक्य तोंडात घ्यायचं? ते माझ्याने होईना.

ताराबाई घरी आल्याचं कळलं तसा तडकलेला पडदा कागदात गुंडाळला आणि मखमलाबादला गेले. ओसरीवर घरची माणसं बसली होती. ताराबाई खाटेवर, भाऊसाहेब खांबाला टेकून उभा, आणि त्यांचे दीर, रामभाऊ. गाडी भंगारवाल्याला द्यायचं बोलणं चाललं होतं. रामभाऊंनी माणूसही ठरवला होता.

मी पडदा काढून खाली ठेवला आणि सांगितलं. "मावशी, दोष गाडीचा नाही. भाऊसाहेबचाही नाही. पंप मी तपासायला पाहिजे होता. चाचांनी सांगितलं होतं, तरी मी तपासला नाही."

भाऊसाहेबने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि दुसरंही काही होतं. चार दिवस अख्ख्या भावकीने त्याला 'गाडी येत नाही तर चालवायची कशाला' म्हणून ऐकवलं होतं.

मग रामभाऊ म्हणाले, "बाईमाणसाच्या हातात गाडी दिली, दुसरं काय व्हणार."

त्याला उत्तर द्यायचा हक्क त्या दिवशी मला नव्हता. उत्तर ताराबाईंनी दिलं.

"भावजी, काचवाला बाप्या व्हता. त्यानं तर गाडीच संपली म्हून सांगितलं. त्यानं चूक केली ती सांगायला कधी घरी आला का?" मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाजात माया नव्हती. "मनगट तुझ्यापायी गेलं म्हणतेस?"

"हो."

"ते काय तू भरून देऊ शकत नाय. गाडी देऊ शकतेस. ती कर."

"मावशी, दुसऱ्या कुणाकडून..."

"दुसरा कोण हात लावतोय? तूच कर. आन् नीट कर."

पडदा मुंबईच्या जुन्या बाजारात एक मिळाला, तो आमच्या तडकलेल्या पडद्यापेक्षाही मेलेला होता. तेव्हा मोजून ड्रॉइंग काढलं. अंबडमध्ये रबराचे गॅस्केट करणारे एक गृहस्थ होते. त्यांना कापडाचा थर घालून पडदा ओतायला सांगितला. ब्रेकचं काम आहे म्हटल्यावर ते तयार होईनात. मी म्हटलं, जबाबदारी माझी, मी लिहून देते. पहिला जाड झाला, दुसरा तेलाने फुगला, तिसऱ्याची कड सुटली. एकेक पडदा मी पंपात बसवून इंजिन दिवसभर चालू ठेवायचे आणि गेजचा काटा बघत बसायचे. पाचवा टिकला. तोही आठवडाभर चालवून, उघडून, पुन्हा बसवला. सगळ्या नळ्या नव्या घातल्या. मागच्या डाव्या दाराचं कुलूपही धड केलं. आणि स्टिअरिंगसमोर, चालवणाऱ्याला सतत दिसेल असं एक गेज कायमचं बसवलं. त्यावर लाल रंगाने रेघ मारली. काटा रेघेखाली आला की गाडी चालवायची नाही. त्या गाडीच्या जर्मन कारागिरांना ते आवडलं नसतं. मला त्यांची परवानगी नको होती.

त्या दिवसापासून गेज लावल्याशिवाय अशी एकही गाडी माझ्या दारातून बाहेर गेली नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. काही जण चिडून दुसरीकडे गेले. गेले तर गेले.

गाडी तयार झाल्यावर मी ती देवळालीच्या रस्त्यांवर पंधरा दिवस रोज चालवली. मग ताराबाईंना निरोप दिला की आता मी एकटी ती गडावर नेऊन उतरवणार आहे, त्यानंतर तुमच्या दारात आणेन. त्यांनी उलट निरोप दिला, मी बरोबर येते.

"मावशी, नको," मी त्यांच्या दारात जाऊन म्हटलं.

"तुझा भरवसा हाय ना पडद्यावर?"

"आहे."

"मग नको कशाला म्हणतीस?"

प्लास्टर निघालं होतं, पण मनगट पूर्ण वळत नव्हतं. ते पुढेही कधी वळलं नाही. ताराबाई फुलांच्या हाराची गाठ डाव्या हाताने मारायला शिकल्या. गाडीचं दारही त्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने ओढून घेतलं. भाऊसाहेब मागून मोटरसायकलवर आला. अपघातानंतर त्याने कुठल्याच गाडीचं स्टिअरिंग धरलं नव्हतं. "मी खाली नांदुरीत थांबतो," म्हणाला.

आम्ही गड चढलो, देवीला नमस्कार केला आणि उतरायला लागलो. मी दुसऱ्या गिअरमध्ये होते. प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबत होते, काट्याकडे बघत होते. काटा खाली जायचा आणि लगेच वर यायचा. ताराबाई समोर बघत होत्या. डोंगराच्या अंगाला एका ठिकाणी दगडावर हिरव्या रंगाचा लांब ओरखडा होता. त्या म्हणाल्या, "इथं थांबव." उतार चांगलाच होता. मी पेडल दाबलं, गाडी हळूच थांबली आणि थांबून राहिली. त्यांनी तो ओरखडा थोडा वेळ पाहिला. "चल," म्हणाल्या.

नांदुरीत चहाच्या टपरीशी भाऊसाहेब उभा होता. मी गाडी बाजूला घेतली. ताराबाई खाली उतरल्या नाहीत. त्यांनी काच खाली करून त्याला हाक मारली.

"बस."

"मी नाय," तो म्हणाला.

"मग उद्यापास्नं फुलं कोण नेणार? मी?" त्यांनी हात उचलून दाखवला. "बस गाडीत."

मी उतरले. तो आत बसला. मी खिडकीतून त्याला गेजवरची लाल रेघ दाखवली, पेडल दगड झालं तर काय करायचं ते सांगितलं आणि त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. त्याने गाडी सुरू केली. मागचं दार उघडायला मी हात घातला.

"तू कुठं?" ताराबाई म्हणाल्या. "त्याची मोटरसायकल कोण आणणार?"

"मला मोटरसायकल येते मावशी, पण..."

"येते ना. मग आण."

साडीवर मोटरसायकल चालवायची हा एक प्रश्न होता, आणि टपरीवरची चार माणसं बघत होती. मी पदर खोचला आणि किक मारली. तोवर हिरवी गाडी पुढे गेली होती. वणीच्या रस्त्याला पहिलं वळण आलं, तिथे तिचे मागचे दोन्ही लाल दिवे लागले. गाडी मंदावली, वळण घेतलं आणि सरळ निघून गेली.